कसमादे नावाचं खातं

क्वेरी चालवताना तेजस्विनीला वाटलं होतं, एक तर काहीच यायचं नाही, नाही तर बदाबदा येईल. काहीच आलं नाही तर निवांत चहा घ्यायचा, बदाबदा आलं तर सगळ्या ऑफिसची खरडपट्टी काढायची. आणि खरं सांगायचं तर तिला मनातून हे दुसरंच हवं होतं. आली ती एकच ओळ. क्वेरीत तिने विचारलं होतं तेही साधंच होतं: आपल्या कंपनीतला नसलेला असा कोणी आहे का, ज्याच्या हातात आपल्या मुख्य कोडच्या सगळ्या किल्ल्या आहेत? पडद्याने थंडपणे उत्तर दिलं, आहे. खात्याचं नाव कसमादे. फोटो नाही, ईमेल नाही, खरं नाव नाही. हक्क मात्र पूर्ण; कोड वाचायचा, बदलायचा, मनात आलं तर पुसून टाकायचा. तिने चहाचा कागदी कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. कारण कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा ह्या पट्ट्याला सगळा नाशिक जिल्हा कसमादे म्हणतो, आणि अख्ख्या ऑफिसात त्या पट्ट्यातला माणूस एकच होता. तो पलीकडे दिशाच्या खुर्चीमागे उभा राहून तिला माहितीची दोन टेबलं एकमेकांना कशी जोडायची ते समजावून सांगत होता. "हे बघ, एका टेबलात शेतकरी. दुसऱ्या टेबलात कांद्याच्या गोण्या. आता कुठली गोणी कोणाची हे कळायला दोन्हीकडे काहीतरी सारखं पाहिजे की नाही?" नवीन लागलेली दिशा मान डोलवत होती. तिने तेजस्विनीकडे चोरून पाहिलं आणि ओठ दाबून हसली. सर तिला हे कालही सांगून गेले होते, ह्याच गोण्यांसकट.

सोमनाथ सर. मूळचे देवळ्याचे, पण नाशकात येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की गावचं बोलणं आता फक्त गमतीपुरतं तोंडात येई. पूर्वी पंचवटीत त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. जिन्याखालची खोली, एक पंखा आणि त्या पंख्याखाली बसण्यावरून मुलांची भांडणं. तेजस्विनी तिथे एसक्यूएल शिकली, साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा. बाकीच्या भाषांत यंत्राला एकेक पाऊल शिकवत बसावं लागतं, सर सांगायचे, इथे तसं नाही. इथे आपल्याला काय पाहिजे एवढंच नीट बोलायचं. तिला हे फार आवडलं होतं. घरात, शेतात, कॉलेजात कुठेच तिला काय पाहिजे असं कोणी विचारत नव्हतं, आणि इथे तर तेवढंच विचारत होते. पुढे त्याच क्लासचा जुना विद्यार्थी ललित, त्याने गंगापूर रोडला चपलांच्या दुकानावर ही कंपनी काढली, पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करायला घेतलं आणि पहिल्यांदा जाऊन सरांना घेऊन आला. आज जो काही कोड होता त्याचा पाया सरांनी घातलेला. ते स्वतः कधी तसं म्हणत नसत. नवीन माणूस आला की मात्र त्याला बसवून मूळ कोड वाचायला लावत आणि मागे उभे राहून तो कुठे अडखळतो ते बघत.

आता झालं होतं असं, की मुंबईतल्या एका बँकेला हे सॉफ्टवेअर घ्यायचं होतं आणि घेण्याआधी तिची माणसं शुक्रवारी येऊन घर तपासणार होती. घर म्हणजे कोड जिथे राहतो ती जागा. कोड लिहिला जातो गंगापूर रोडला, पण राहतो परदेशातल्या एका साइटवर, जिथे साऱ्या जगाचा कोड राहतो. तिथे प्रत्येकाचं खातं. कोणाला नुसतं बघायचा हक्क, कोणाला लिहायचा, कोणाला ॲडमिन म्हणजे सगळाच. इतक्या वर्षांत हे हक्क प्रसाद वाटावा तसे वाटले गेले होते. ज्याने हात पुढे केला त्याला मिळाले, आणि नंतर परत कोणी मागितले नाहीत. देखरेखीचं काम तेजस्विनीकडे आलं तेव्हा पान उघड, नाव बघ, पुढचं पान उघड, असं करता करता तिचे डोळे पांढरे झाले. मग तिला एक साधन सापडलं. ते त्या साइटवरची सगळी माहिती टेबलं असल्यासारखी समोर मांडायचं. एका टेबलात माणसं, एकात कोड, एकात कोणी कोणाला कधी कुठला हक्क दिला ते. आणि विचारायचं काय, तर तिचं लाडकं एसक्यूएल. त्या दिवशी ती जेवायची विसरली. ललितने मीटिंगमध्ये टेबलावर बोट आपटून सांगितलं होतं, "बाहेरच्याला ॲडमिन दिलेला निघाला, तर ज्याने दिला तो त्याच दिवशी घरी. मग तो कोणी का असेना." सगळ्यांनी माना डोलवल्या. सरांनी तर मोठ्याने म्हटलं, "बरोबर बोलतो ललित. इथे भिडस्तपणा नको."

त्यामुळे आता त्या एका ओळीकडे बघत बसलेल्या तेजस्विनीने दुसरा प्रश्न विचारला तो एकेक अक्षर जपून लिहीत. ह्या खात्याला हक्क कोणी दिले? उत्तर: सोमनाथ. कधी? दिवाळीच्या आधी. खातं काय करतं? हे विचारायला तिला जरा लांबलचक लिहावं लागलं, आणि उत्तर आलं ते तिला अजिबात उमगेना. कसमादे बहुतेक संध्याकाळी यायचा. सरांनी ज्या दिवशी कोडमध्ये काही चूक करून ठेवलेली असे, बेरजेच्या जागी वजाबाकी, एक अट राहून गेलेली, असलं काहीबाही, त्या संध्याकाळी हटकून यायचा. चूक दुरुस्त करायचा, जायचा. चोर असा असतो? पण असेलही, तिने स्वतःला बजावलं. आधी विश्वास कमवायचा, मग एक दिवस सगळं घेऊन जायचं, अशा कहाण्या तिने कमी वाचल्या नव्हत्या. सरांचा कोणी भाचा, कोणी पुतण्या, दुसऱ्या कंपनीतला, कोड रोज वाचतो आहे, आणि सर त्याला मुद्दाम दार उघडं ठेवून देत आहेत. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच किळस आली. तरी तो गेला नाही. तिचं कामच ते होतं, विचार मनात येऊ देणं.

तेजस्विनीला पकडायला आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. लहानपणापासून आवडायचं. मखमलाबादला त्यांची फुलांची शेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. ती शाळेत होती तेव्हा शेताच्या कडेने नव्या इमारती उठायला लागल्या होत्या आणि त्यांतली माणसं पहाटे फिरायला म्हणून यायची ती देवपूजेला म्हणून ओंजळभर फुलं घेऊन जायची. ओंजळीची पिशवी व्हायला वेळ लागला नाही. दसऱ्याच्या तोंडावर तर कडेचे वाफे सकाळी बोडके दिसत. तिचे वडील, नाना, राखणीला झोपडीत बसायचे आणि बांधावर पाऊल वाजलं की काय करायचे, तर खाकरायचे. मोठ्याने, घसा खरवडून, दूरवर ऐकू जाईल असं. मग जरा वेळ थांबायचे. मग कंदील घेऊन बाहेर पडायचे. तोवर बांध मोकळा. एकटे नानाच असं करत असंही नाही, त्या सगळ्या शिवारात राखण करणाऱ्याने आधी खाकरायचं अशीच रीत होती. एकदा ती रागाने रडली होती. "नाना, तुम्ही त्यांना पळा म्हणून सांगताय!"

"मंग काय धरू?"

"धराच की!"

"आन् धरून काय करू? दूध घालायला त्याच्याच दारावरून जायचंय मला. त्यानं तोंड कुठं लपवायचं, आन् मी कुठं?" नाना तेव्हा गुडघ्यावर कांबळं ओढून घेत म्हणाले होते. "दोन फुलं गेली तं गेली. माणूस नाय घालवायचा."

तिला तेव्हा हा शुद्ध भित्रेपणा वाटला होता. पुढे ह्या कामात आल्यावर तर वाटलंच वाटलं. ज्याची तपासणी करायची त्याला आधी कळवायचं नाही, ही पहिली गोष्ट कोणीही सांगेल. आणि तरीसुद्धा त्या दुपारी ललितच्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन ती परत फिरली. आत ललित फोनवर हसत होता. दोन वाक्यं बोलली की झालं असतं. पण सर पुन्हा दिशाच्या मागे जाऊन उभे होते, त्यांच्या शर्टाच्या खिशात नेहमीसारखी दोन पेनं होती, आणि तिला एकदम आठवलं की तिची नोकरीची पहिली मुलाखत होती त्या दिवशी सर बाहेर रस्त्यावर उभे होते. आत आले नाहीत. ती बाहेर आली तेव्हा नुसतं "काय?" म्हणाले होते आणि तिने मान हलवल्यावर तिला उसाचा रस पाजला होता. त्या माणसाला हातात लॅपटॉप घेऊन ललितसमोर उभं करायचं? तिने जागेवर येऊन फोन काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं. उद्या सकाळी मी सगळ्यांच्या खात्यांची तपासणी चालवणार आहे. बाहेरच्यांना दिलेले हक्क, जुनी खाती, सगळं दिसेल. ज्याने त्याने आपापलं आज आवरून घ्यावं. पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण खाकरलो. नाना असते तर हसले असते. तिला हसू आलं नाही, पण निरोप तिने पुसलाही नाही.

मग ऑफिसात जी काय लगबग उडाली ती बघण्यासारखी होती. पलीकडच्या टेबलावरचा ओम घाईघाईने उठून जिन्यात गेला आणि कॉलेजातल्या कोणा मित्राला फोनवर दबक्या आवाजात समजावू लागला, "अरे काढतोय तुला, मनाला लावून घेऊ नको." कोणी सोडून गेलेल्या माणसाचं खातं बंद केलं, कोणी स्वतःलाच जास्तीचे दिलेले हक्क गुपचूप कमी केले. दिशाचं तर काहीच नव्हतं, तरी ती घाबरून दोनदा विचारून गेली. तेजस्विनी मान खाली घालून बसली होती, पण तिचं सगळं लक्ष एका खुर्चीकडे. सरांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन निरोप वाचला. सावकाश, ओठ हलवत. मग तिच्याकडे बघून हात वर केला. "शाब्बास! हे पाहिजेच होतं. पोरांना अजिबात शिस्त नाही." आणि पुन्हा आपल्या पडद्याकडे वळले. चेहऱ्यावर कुठे काही नाही. काय नट आहे, तिला वाटलं, आणि वाईटही वाटलं. पण संध्याकाळपर्यंत वेळ होता. तिने आपल्याकडून दार मोकळं ठेवलं होतं.

संध्याकाळी उज्वलाकाकू सरांना न्यायला आल्या. बरेच दिवस झाले, सर स्कूटर चालवत नव्हते, डोळ्यांचं काहीतरी म्हणत, आणि काकूच सकाळी सोडून संध्याकाळी न्यायच्या. सर खाली गेले आणि लगेच खालून काकूंची हाक आली, "अगं, डबा राहिला वरती!" तेजस्विनी डबा घेऊन खाली उतरली. सर स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून रस्त्यावरची वाहनं बघत होते. "रोजचं झालंय बाई हे," काकू डबा पिशवीत कोंबत म्हणाल्या, आवाजात राग कमी आणि लाडच जास्त. "मुद्दाम विसरतात. घरी नेला की घासावा लागतो ना! आणि घरी गेलं की पुन्हा त्या कॉम्प्युटरला चिकटायचं. दिवसभर केलेलं संध्याकाळी निस्तरत बसतात. एवढं काय गं काम देता तुम्ही त्यांना?" तिघंही हसले. सर सगळ्यांत मोठ्याने हसले. स्कूटर जेहान सर्कलच्या बाजूला दिसेनाशी होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली, चपलांच्या दुकानातला माणूस काय बघताय म्हणून विचारीपर्यंत.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. झाडणाऱ्या सुमनबाई खुर्च्या सरळ करत होत्या. तिने लॅपटॉप उघडला, कालचीच क्वेरी, एक अक्षरही न बदलता, आणि चालवण्याआधी मनात म्हणाली, नसू दे. आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीही सापडायला नको होतं. ओळ होती. तीच. ओमचा मित्र गेला होता, जुनी खाती गेली होती, सगळं शिवार मोकळं झालं होतं आणि कसमादे एकटा उभा होता. तिचं डोकं सणकलं. एवढा कोडगेपणा? आपण ह्यांच्यासाठी आपलं काम पणाला लावलं आणि ह्यांना एक बटण दाबायची तसदी घ्यावीशी वाटली नाही? रागारागात तिने शेवटची हालचाल विचारली. कसमादे काल संध्याकाळी आला होता. निरोप वाचल्यानंतर. आला, सरांनी दुपारी केलेली एक चूक दुरुस्त केली आणि गेला.

ती पडद्याकडे बघत राहिली. चोर असता तर पळाला असता. एवढ्या मोठ्याने खाकरल्यावर कोणीही पळालं असतं. जो पळत नाही त्याला आपल्याला हाक मारली आहे हेच कळलेलं नसतं. दिवसभर केलेलं संध्याकाळी निस्तरत बसतात. म्हणजे भाचा नाही, पुतण्या नाही, कोणीच नाही; घरच्या कॉम्प्युटरवर हे खातं उघडंच राहिलेलं असणार, आणि सर त्यासमोर बसतात, कोपऱ्यात कुठलं नाव लिहिलं आहे तिकडे बघतसुद्धा नाहीत, आणि आपली चूक आपणच सुधारतात. खातं आपण काढलं, त्याला हक्क आपण दिले, हे त्यांना माहीतच नाही. माहीत होतं, आता नाही. आणि मग इतके दिवस सुटंसुटं पडलेलं सगळं आपोआप जवळ येत गेलं. दिशाच्या कांद्याच्या गोण्या. डबा. सरांच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या, ज्यांवर ऑफिसातल्याच माणसांची नावं होती. ओमला कधी कधी भलत्याच, सोडून गेलेल्या मुलाच्या नावाने हाक मारणं. स्कूटर. डोळ्यांना काही झालेलंच नव्हतं, रस्ता सापडत नसेल. ह्या सगळ्याला ती हसली होती. सगळं ऑफिस हसलं होतं, काकू हसल्या होत्या, सर स्वतः हसले होते. तिला भयंकर वाईट वाटलं, इतकं की सुमनबाईंनी विचारलं, "काय झालं मॅडम, बरं नाय वाटत का?" आणि तिने डोळ्यात काही गेलंय म्हणून तोंड धुवायला जायचं निमित्त केलं.

बेसिनपाशी उभं राहून तिने काय काय योजलं! ओळ पुसून टाकणं तिच्या हातात होतं. कोणी विचारलं तर सांगायचं, चाचणीसाठी मीच सरांकडून हक्क मागून घेतले होते, काढायचे राहिले. ललित ओरडला असता, फार तर तिला घरी बसवलं असतं. तिचं काय, ती दुसरीकडे गेली असती. ह्या विचाराने तिला एक क्षणभर फार उदार, फार हलकं वाटलं. मग तिला संध्याकाळ दिसली. सर घरी जातील, हातपाय धुतील, कॉम्प्युटरसमोर बसतील आणि दार उघडणार नाही. पुन्हा लावून बघतील. पुन्हा. का उघडत नाही ते त्यांना कळणार नाही, कोणाला विचारायचं तेही कळणार नाही, आणि दिवसभरातली चूक तशीच कोडमध्ये राहील, उद्या कोणाच्या तरी खात्यात उतरेल. नानांची सगळी रीत इथे संपत होती. आता जवळ जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि जवळ कसं जायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

सर आले तेव्हा तिने त्यांना मीटिंगच्या लहान खोलीत बोलावलं. ते खुशीत होते. "काय निघालं तपासणीत? कोण सापडलं?" तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी नाव वाचलं आणि खदखदून हसले. "अरे! हा तर आमच्याकडचाच. हाऊ कोन शे?" हा कोण, असं अहिराणीत विचारून त्यांनी तिच्याकडे बघितलं, ती हसेल म्हणून. मग पुढचा रकाना वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ॲडमिन? मुख्य कोडवर? तेजस्विनी, हे भयंकर आहे. ललितला सांगितलंस?"

"नाही."

"का नाही? बँकेची माणसं येतायत, आणि तू मला काय दाखवत बसलीस? कोणी दिलेत ह्याला हक्क? काढलंस?"

"सर, जरा बसा. मला तुमच्याशी..."

"बसायचं काय त्यात? सरक. मी काढतो."

त्यांनी खुर्ची ओढली. तिला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि ज्या हाताने तिला अक्षर अक्षर शिकवलं तो धरायचं धाडस तिला झालं नाही. सरांची बोटं चालायला लागली. डबा विसरणारा, रस्ता विसरणारा तो माणूस न थांबता लिहीत होता. हक्कांचं टेबल, माणसांचं टेबल, दोन्हींत सारखं काय ते, फक्त कसमादे, फक्त ॲडमिन, कोणी दिले, कधी दिले. एक स्वल्पविराम चुकला नाही. ती ह्याच्यापेक्षा लांब लिहायची. "हे असं," ते स्वतःशीच म्हणाले, जिन्याखालच्या खोलीत म्हणायचे तसं, आणि क्वेरी चालवली.

बाहेर दिशा कशाला तरी हसत होती. सरांनी ओळ वाचली. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचली.

"माझं खातं कोणीतरी वापरलंय," ते म्हणाले.

तिने तारखेच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"दिवाळीच्या आधी... तेव्हा मी फोन बदलला होता. घरून आत शिरायला गेलो की पडताळणीचा आकडा येत नव्हता. मग मी..." त्यांनी कपाळ चोळलं. वाक्य पुढे जाईना. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, जणू पुढचं तिथे लिहिलेलं आहे. "मग मी काय केलं?"

"तुमचं कुठे काही चुकलं नाही, सर. तुम्ही रोज कोड नीटच केलात."

"माले काही याद येत नई," ते म्हणाले. ह्या वेळी ते गमतीत नव्हतं. आतून, कुठल्या तरी फार जुन्या घरातून ते बोलणं वर आलं होतं, आणि आपण कुठल्या भाषेत बोललो हेही त्यांना कळलेलं दिसत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "तुला कालच माहीत होतं?"

"हो."

"मग ते ग्रुपवर टाकलंस ते?"

"तुमच्यासाठी होतं."

"मला वाटलं, पोरांसाठी आहे," सर म्हणाले. तिला रडू फुटलं. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं त्या एका वाक्याने सुटलं, आणि नवल म्हणजे तिच्या रडण्याने सर सावरले. त्यांनी खिशातला रुमाल काढून तिच्यासमोर ठेवला आणि चिडक्या मास्तराच्या आवाजात म्हणाले, "हे लपवायचा विचार होता की काय तुझा?"

"होता."

"मग शिकवलं काय मी तुला? उद्या माझ्या हातून सगळं पुसलं गेलं असतं तर? मला कळलंसुद्धा नसतं! त्या पतसंस्थांमध्ये माणसांची आयुष्यं पडली आहेत." ते थांबले. मग हळूच म्हणाले, "ते हक्कांचं पान उघड."

तिने उघडलं. त्यांनी कसमादेचं नाव निवडलं आणि काढलं. मग खाली सरकत स्वतःच्या नावावर आले. तिने "सर, ते नको" म्हटलं. साइटनेही विचारलं, नक्की ना? त्यांनी हो दाबलं. आता ज्या कोडचा पहिला शब्द त्यांनी लिहिला होता, तो त्यांना वाचतासुद्धा येणार नव्हता. त्यांनी लॅपटॉप मिटून तिच्याकडे सरकवला.

ललित आला तेव्हा ते स्वतःच उठून त्याच्या केबिनमध्ये गेले. तेजस्विनी मागे. त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं, काही न झाकता, वर्गात हिशेब मांडावा तसं. ललितच्या हातातली गाडीची किल्ली हातातच राहिली. "तू म्हणाला होतास, त्याच दिवशी घरी," सर म्हणाले.

"म्हणालो होतो, सर," ललित म्हणाला. तो उठून टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने सरांच्या मागे खुर्ची सरकवली. "बसा आधी. बँकेला जे आहे ते मी सांगतो, त्यांना काय ठरवायचं ते ठरवू दे. तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन या. आणि मग यायचं. कोडला हात नाही लावायचा, ते ठीक. पण ह्या पोरांना शिकवणार कोण?"

बाहेर आल्यावर सर जिन्याच्या कठड्याला धरून थांबले. खाली दुकानात कोणीतरी चपलांच्या जोड्या काढून दाखवत होतं. काकूंना फोन झाला होता, त्या निघाल्या होत्या. का बोलावलं ते त्यांना सांगितलेलं नव्हतं.

"ललितला सांगणं सोपं होतं," सर म्हणाले. "उज्वलाला अजून सांगायचंय. तिला वाटतं, मी सगळं मुद्दाम करतो."

"काकू समजून घेतील, सर."

"घेईल गं. तिची मला भीती नाही." त्यांनी रस्त्याकडे बघितलं, स्कूटर येताना दिसते का ते. "घरी पोचेपर्यंत हे माझ्याकडून निसटलं तर? आत्ता सगळं लख्ख आहे. पण घरात गेलो, बूट काढले, आणि तिने काय झालं विचारल्यावर मलाच आठवलं नाही तर? तू चल बरोबर. सुरुवात मी करतो. मध्येच थांबलो, तर पुढचं तू सांग."